जुना कलर टीव्ही पुन्हा सुरू करायचाय? आधी पिक्चर ट्यूब सांभाळा

गोव्यातल्या आमच्या डिचोलीत गणेश चवथीच्या आधी घरं रंगवायला काढली की माळ्यावरचं, मागच्या खोलीतलं सगळं सामान अंगणात येतं आणि त्यात हमखास एक जुना कलर टीव्ही असतो. कुणाचा मामा कुवेतहून आला तेव्हा आणलेला सोनी नाहीतर जेव्हीसी, कुणी तारवटी बोटीवरून उतरताना घेऊन आलेला नॅशनल, नाहीतर आपला ओनिडा, बीपीएल, व्हिडिओकॉन. १९८२ साली दिल्लीत एशियाड झालं, त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झालं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हे सेट घराघरात आले. आता भंगारवाला तो रिक्षात टाकून नेतो आणि काच फोडून तांब्याची कॉइल काढतो. मला ते बघवत नाही, म्हणून गेली काही वर्षं असे सेट मागून आणतो, चालू करतो, आणि बरेच लोक विचारतात की आम्हाला करायचं असेल तर सुरुवात कुठून करू, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. आत जे किट असतं, म्हणजे तो मोठा बोर्ड, त्यावरचा जवळपास प्रत्येक पार्ट आज ना उद्या मिळतो, ओरिजिनल नाही तर जुळणारा मिळतो. पिक्चर ट्यूब मात्र आता कुणी बनवत नाही. पूर्वी आपल्याकडे सॅमटेल, जेसीटीसारख्या कंपन्या ट्यूब बनवायच्या, ते सगळं बंद झालं. त्यामुळे या कामात प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा, याने ट्यूबला धोका आहे का? असेल तर थांबायचं.

हे मी शिकलो ते नुकसान करूनच. आजीच्या घरचा २० इंची सेट होता, मी घाईत ट्यूबच्या मागचा बेस सरळ ओढायच्या ऐवजी एका बाजूने उचकटला आणि मान, म्हणजे ट्यूबचा मागचा बारीक काचेचा भाग, तडकली. फुस्स असा बारीक आवाज आला, बस तेवढाच, आणि आत मानेजवळ जो चंदेरी आरशासारखा डाग असतो तो बघता बघता पांढरा पडला. आजी काही बोलली नाही, पण तो सेट परत कधी लागणार नव्हता. तेव्हापासून बेस काढताना दोन्ही हातांनी, अगदी सरळ मागे, थोडा थोडा हलवत काढतो आणि सेट उचलताना मानेला चुकूनही हात लावत नाही. सेट उचलायचा तो काच आपल्या छातीकडे करून, कारण सगळं वजन पुढच्या काचेत असतं, २१ इंचीच वीस किलोच्या पुढे जातो, २९ इंचीला दोन माणसं लागतातच.

आता सेफ्टीचं, आणि हे वाचल्याशिवाय मागचं कव्हर उघडू नका. ट्यूबच्या वरच्या बाजूला रबराची टोपी असते, तिच्यातून वीस ते पंचवीस हजार व्होल्ट ट्यूबमध्ये जातात. टीव्ही बंद करून प्लग काढला तरी ट्यूब स्वतःच कंडेन्सरसारखी चार्ज धरून ठेवते, कधी कधी कित्येक दिवस. म्हणून पहिलं काम डिस्चार्ज. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा. चांगल्या प्लास्टिक मुठीचा लांब चपटा स्क्रू ड्रायव्हर घ्या, त्याच्या दांड्याला क्लिपची वायर जोडा आणि वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या मागच्या काळ्या भागावर स्प्रिंगने ताणून बसवलेली जी उघडी तांब्याची वेणी असते तिला लावा. बोर्डाच्या अर्थला किंवा हीटसिंकला लावू नका, त्या झटक्याने आयसी जाऊ शकतात. एक हात पाठीमागे किंवा खिशात, पाय कोरड्या लाकडी पाटावर, आणि ड्रायव्हरचं टोक रबराच्या खाली सरकवत आतल्या धातूच्या क्लिपला टेकवा. टक्क आवाज येईल किंवा येणार नाही, दोन्ही ठीक. पाच मिनिटांनी परत एकदा करा कारण काचेत राहिलेला चार्ज हळूहळू परत वर येतो.

दुसरा धोका म्हणजे पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर, ४०० व्होल्टवाला, त्यात ३२० च्या आसपास डीसी असतं. दोन वायर लावलेला ६० वॉटचा बल्ब त्याच्या दोन पिनांवर टेकवून रिकामा करा आणि मल्टिमीटरने शून्य झालं का बघा. आणि हे लक्षात घ्या की या सेटमध्ये दोन अर्थ असतात, पॉवर सप्लायच्या पुढच्या भागाचा अर्थ हा थेट मेनशी जोडलेला असतो, काही जुन्या सेटमध्ये तर सगळं चॅसिसच लाईव्ह असतं. म्हणून चालू सेटवर मीटर लावायचा असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सेटला मेनपासून वेगळं करणारा, हवा. सिरीजचा बल्ब, म्हणजे सेटच्या लाईनमध्ये मध्येच जोडलेला बल्ब, शॉक लागण्यापासून वाचवत नाही, तो फक्त पार्ट वाचवतो, हा गैरसमज खूप जणांचा असतो. एकटे असताना चालू सेटमध्ये हात घालू नका, घरात कुणीतरी असू दे, मेन स्विच कुठला ते त्यांना दाखवून ठेवा.

सामान फार लागत नाही. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, चांगली ६०-४० ची सोल्डर वायर, डिसोल्डर पंप, मल्टिमीटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, कॉन्टॅक्ट क्लिनर, १०० वॉटचा पिवळा बल्ब होल्डरसकट. एलईडी बल्ब चालणार नाही, फिलामेंटवालाच लागतो, मिळाले की दोन जास्तीचे घेऊन ठेवा.

सेट घरी आणला की लगेच प्लग लावून बघायचा मोह होतो. नका लावू. गोव्यात सेट मरतात ते वापरून कमी आणि पडून राहून जास्त, हे माझं स्पष्ट मत आहे. कळंगुट, मोरजी, कोलवा अशा किनाऱ्यावरच्या घरातला सेट असेल तर खारट हवेने ट्यूनरचा डबा, हीटसिंकचे स्क्रू, ट्रान्सफॉर्मरच्या पाट्या सगळं गंजलेलं असतं. सत्तरीतला, सांग्याकडचा सेट असेल तर गंज कमी पण बुरशी, मुंग्यांची वारुळं, कुंभारमाशीची मातीची घरटी, आणि एखादी वाळलेली पाल पॉवर सप्लायवर चिकटलेली. अशा सेटला एकदम २३० व्होल्ट दिले की ओलीतून स्पार्क होऊन चांगले पार्टही जातात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस फक्त सफाई आणि सुकवणं. ब्रश आणि ब्लोअरने धूळ काढा, तोंडाला मास्क लावून. मग सेट एका कोरड्या खोलीत, मागचं कव्हर काढून, बाजूला हातभर अंतरावर ६० वॉटचा बल्ब लावून ठेवा, आपण पावसाळ्यात कपाटात कागदपत्रांसाठी बल्ब लावतो ना, तसंच. भर पावसाळ्यात असेल तर आठवडाभर ठेवा.

सुकेपर्यंत ट्यूब तपासून घ्या. मानेतला तो चंदेरी डाग चंदेरीच आहे ना? पांढरा, दुधाळ झाला असेल तर आत हवा गेलीय, त्या सेटवर पुढे मेहनत करू नका, त्याचं किट दुसऱ्या सेटच्या स्पेअरला ठेवा. बेस काढून हीटरच्या (मानेतल्या तापणाऱ्या तारेच्या) दोन पिना मीटरने बघा, थोडेच ओहम दाखवले पाहिजेत, हीटर आणि कॅथोडमध्ये मात्र काहीच दाखवता कामा नये. रबराच्या टोपीखाली काच अल्कोहोलने पुसा, तिथे काळे कोळशासारखे ओघळ असतील तर ते पूर्ण गेले पाहिजेत, पावसाळ्यात सेटमधून जो सी-सी आवाज येतो आणि ओझोनचा वास येतो तो बहुतेक वेळा इथूनच. पण ट्यूबच्या मागचा काळा रंग घासू नका, तो मळ नाही, ते ग्राफाइटचं कोटिंग आहे आणि ते लागतं. मानेवरचे गोल रिंग मॅग्नेट आणि योकखालच्या (मानेभोवती बसवलेल्या कॉइलखालच्या) रबरी पाचरी यांना हातही लावायचा नाही, फॅक्टरीत तीन रंग एकमेकांवर बसवून पेंटने लॉक केलेले असतात, एकदा हलले की परत बसवणं फार कठीण.

आता बेसचं सॉकेट. हा आपल्या दमट हवेतला इतका कॉमन फॉल्ट आहे की मी याला वेगळी जागा देतो. सेट लावल्यावर चित्र धूसर येतं आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप स्पष्ट होतं, लोक म्हणतात ट्यूब वीक झाली, मेकॅनिक पण म्हणतात ट्यूब गेली. सॉकेट उघडून बघा, फोकसची जी एकटी जाड पिन असते तिच्याजवळ हिरवट-निळसर गंज चढलेला असतो आणि त्यातून फोकसचे व्होल्टेज गळतं. नवीन सॉकेट स्वस्त मिळतं, बदललं की चित्र सुरीसारखं होतं. नुसतं साफ करून थोडे दिवस चालतं पण परत येतं, बदलूनच टाका.

बोर्डावर मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी जो पिवळा-तपकिरी गोंद असतो तो फॅक्टरीत पार्ट हलू नयेत म्हणून लावलेला असतो. जुना झाला की तो काळपट होतो, करंट वाहायला लागतो आणि पार्टचे पाय खातो. खरवडून काढा, अगदी शांतपणे, खालचे जंपर तुटलेत का बघत. मग बोर्ड उलटा करून उजेडात धरा आणि एलओटीच्या (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, ट्यूबला हाय व्होल्टेज देतो तो) पिना, त्याच्या शेजारच्या छोट्या ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या पिना, योकचा कनेक्टर, व्हर्टिकल आयसी (चित्र वर-खाली पसरवणारी), पॉवर सप्लायचा ट्रान्सफॉर्मर या सगळ्यांच्या पायाभोवती बारीक गोल तडा दिसतो का बघा. त्यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. वरून अजून सोल्डर थोपू नका, जुनं पंपाने ओढून काढा, पाय घासा, नवीन भरा. खूप सेट एवढ्यावरच चालू झालेत.

कंडेन्सर सगळे सरसकट बदलायचे का यावर लोक वाद घालतात. मी सगळे बदलत नाही. गरम पार्टला चिकटून असलेले बदलतो, ते पण १०५ डिग्रीवाले घालतो. पॉवर सप्लायच्या स्टार्टिंगचा छोटा, साधारण २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा, बी प्लसचा (एलओटीला जाणाऱ्या मुख्य डीसी सप्लायचा) १६० व्होल्टवाला, बेस कार्डला (ट्यूबच्या बेसवरच्या छोट्या बोर्डाला) जाणाऱ्या १८० व्होल्टच्या लाईनवरचा २५० व्होल्टवाला, आणि व्हर्टिकल आयसीच्या शेजारचे दोन-तीन. एलओटीजवळ १६०० व्होल्ट वगैरे लिहिलेले चपटे प्लास्टिक कंडेन्सर असतात त्यांची व्हॅल्यू आणि व्होल्ट अगदी तेच पाहिजे, जवळपासचं चालेल म्हणून घालू नका, व्हॅल्यू कमी झाली की ईएचटी, म्हणजे टोपीतून जाणारं ते वीस-पंचवीस हजारांचं व्होल्टेज, वाढतं, ट्यूबला आणि एलओटीला दोघांनाही धोका.

मग येतो पहिला करंट. सेटचा फ्यूज काढून तिथे किंवा बाहेर सिरीज बोर्डवर १०० वॉटचा बल्ब घाला, आणि डिगॉसिंग कॉइलचा (ट्यूबवरचे रंगाचे डाग घालवणाऱ्या कॉइलचा) प्लग काढून ठेवा नाहीतर ती सुरुवातीला खूप करंट खेचते आणि तुम्ही घाबरता. पण त्याही आधी मागचं लेबल वाचा, बोटीवरून आलेल्या जपानी किंवा अमेरिकन सेटवर १०० किंवा ११० व्होल्ट लिहिलेलं असू शकतं, तो थेट २३० वर लावला की संपलाच. लावल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर चांगलं लक्षण. पूर्ण उजेडाने जळतच राहिला तर पुढे शॉर्ट आहे, ब्रिज डायोड नाहीतर पॉवरचा ट्रान्झिस्टर. अजिबात पेटला नाही तर कुठेतरी ओपन. आणि उघडझाप करत असेल तर घाबरू नका, काही पॉवर सप्लाय सिरीज बल्बवर नीट सुरू होत नाहीत.

इथे एक पायरी लोक गाळतात आणि पस्तावतात. एलओटीकडे जाणारी बी प्लसची लाईन तोडून तिथे ६० वॉटचा बल्ब लोड म्हणून लावा आणि व्होल्ट मोजा. १४ ते २१ इंची सेटला साधारण १०३ ते ११५ च्या दरम्यान, मोठ्याला १२५ ते १४०, तुमच्या सेटचा आकडा बोर्डावर किंवा सर्किटमध्ये छापलेला असतो. पॉवर सप्लायमधला एखादा छोटा कंडेन्सर सुकला की हेच १५०-१८० वर जातं आणि नवीन घातलेला, एलओटी चालवणारा आउटपुट ट्रान्झिस्टर पहिल्याच सेकंदाला उडतो, मग माणूस एकामागून एक ट्रान्झिस्टर आणत राहतो. बी प्लस बरोबर आल्याशिवाय एलओटी जोडायचीच नाही.

आउटपुट ट्रान्झिस्टर म्हणजे बीयू ५०८, डी १५५५ वगैरे. कलेक्टर-एमिटर शॉर्ट असेल तर गेला. पण नवशिके एका ठिकाणी फसतात, डी १५५५ किंवा बीयू ५०८ डी मध्ये आत डायोड आणि बेस-एमिटरमध्ये छोटा रेझिस्टर असतो, त्यामुळे बेस-एमिटर मध्ये चाळीस-पन्नास ओहम दाखवतं आणि लोक चांगला पार्ट फेकून देतात. आतला डायोड नसलेला प्रकार त्याच्या जागी घालू नका. चालू सेटमध्ये याच्या कलेक्टरवर मीटर लावायचा नाही, तिथे हजार व्होल्टच्या वर पल्स असतात.

एलओटी गेली असेल तर तिच्या अंगावर तडा दिसतो, फुगलेली असते, किंवा अंधारात बघितलं तर ठिणगी उडताना दिसते. नंबर उतरवून म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या जुन्या रिपेअर दुकानात विचारा, बंद करायला आलेल्या दुकानांत कप्पेच्या कप्पे जुना माल पडून असतो आणि म्हातारे मेकॅनिक आनंदाने शोधून देतात, त्यांच्याकडे अर्धा तास बसलात तर पुस्तकात नाही ते कळतं. तिथे नाही मिळालं तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

चित्र आलं पण बरोबर नाही, तर काय बघायचं? पडद्यावर फक्त मधोमध एक आडवी पांढरी रेघ असेल तर लगेच, आधी ब्राइटनेस आणि एलओटीवरची 'स्क्रीन'ची फिरकी खाली आणा, कारण सगळा बीम एकाच रेघेवर पडतोय आणि ट्यूबचा फॉस्फर तिथे कायमचा जळतो. मग व्हर्टिकल आयसी, त्याचा सप्लाय, योकचा ड्राय सोल्डर. उभी रेघ असेल तर योकच्या आडव्या कॉइलकडे जाणारी लाईन. वरच्या बाजूला चित्र दुमडल्यासारखं असेल तर व्हर्टिकल आयसीजवळचा बूस्टचा कंडेन्सर, बहुतेक १०० मायक्रोफॅरडचा. चित्र खूप उजळ आणि त्यावर तिरक्या रेघा, तर तो १८० व्होल्टवाला. एखादा रंग नाही तर बेस कार्डवरचा त्या रंगाचा ट्रान्झिस्टर. रंगच नाही, काळंपांढरं छान, तर आधी सिग्नल पाल (PAL, आपल्याकडची रंगीत प्रसारणाची पद्धत) आहे का बघा, मग ४.४३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग तर डिगॉसिंगचा पोझिस्टर (त्या कॉइलचा करंट सुरुवातीला देऊन मग कमी करणारा पार्ट), किंवा कुणी शेजारी मोठा स्पीकर ठेवलाय. आणि सोनीच्या ट्रिनिट्रॉन ट्यूबवर एक किंवा दोन अगदी बारीक आडव्या सावल्या दिसतात, तो फॉल्ट नाही, आतल्या तारांची जाळी धरून ठेवणाऱ्या तारा आहेत त्या.

ट्यूब खरंच वीक असेल, म्हणजे चित्र यायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि पांढरा भाग चांदीसारखा पसरतो, तर मेकॅनिक एलओटीवर एक जास्तीचा वेढा मारून हीटरचे ६.३ व्होल्ट वाढवून देतात. चित्र उजळतं खरं, पण उरलेलं आयुष्य पण भराभर जळतं. मी तसं करत नाही. मंद तर मंद, संध्याकाळी दिवे कमी करून बघायचा.

चायना किटबद्दल पण बोलायला हवं. बाजारात युनिव्हर्सल किट मिळतं, जुना बोर्ड काढून ते बसवलं की सेट दोन तासांत चालू, आणि पोटापाण्यासाठी रिपेअर करणाऱ्या माणसाने ते बसवलं तर त्यात काही चुकीचं नाही. पण आपण छंद म्हणून करतोय तर जुना बोर्डच वाचवावा, त्याच्या रंगाचा, आवाजाचा स्वभावच वेगळा असतो. नाइलाजाने किट घातलंत तर जुना बोर्ड कोरड्या डब्यात सिलिका जेल टाकून जपून ठेवा.

सिग्नलसाठी डीडी फ्री डिशचा बॉक्स सर्वात सोपा, पिवळी-पांढरी-लाल पिन असलेला. टीव्हीला फक्त अँटेनाचंच भोक असेल तर आरएफ मॉड्युलेटर, म्हणजे बॉक्सचा सिग्नल अँटेनाच्या भोकातून देणारा डबा, लागेल, घेताना ५.५ मेगाहर्ट्झ साउंडवाला पाल बी-जी आहे का ते विचारा, नाहीतर चित्र येतं आणि आवाज येत नाही. ट्यूनिंग व्हीएचएफ लो बँडवर ठेवून हळूहळू फिरवा.

कॅबिनेट शेवटी. लाकडी असेल तर आधी वाळवी, भुंगा बघा, मग बारीक पॉलिश पेपर आणि फ्रेंच पॉलिश, प्लास्टिक असेल तर साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. पेट्रोल, थिनर लावू नका, ब्रँडचं नाव पुसलं जातं.

सगळं जमल्यावर कव्हर लावायच्या आधी सेट तीन-चार तास उघडा चालवा, अधूनमधून प्लग काढून, कंडेन्सर रिकामे करून हीटसिंक किती तापलंय ते बघा. नंतर सेट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, आपल्या चिऱ्याच्या भिंती पावसात ओल धरतात. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तासभर लावा, म्हणजे आतल्या उष्णतेने ओल बाहेर पडते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू झाला की प्लग तर काढाच पण अँटेनाची, डिशची वायर पण काढा, वीज त्या वायरीतूनही येते आणि ट्यूनर जातो. आमच्याकडे आता मामाचा तो कुवेतवाला सेट ओसरीवर असतो, आणि ढग गडगडले की घरातलं लहान पोर पण धावत जाऊन आधी वायर काढतं.